पाहुण्याला त्याच्या काळातलं घर: व्हर्च्युअल मशीन उभारण्याची सुरुवात

पहिल्यांदा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर, बनवणारा माणूस बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतो. सॉफ्टवेअर उतरवून झालेलं असतं, आयएसओ फाइल (सिस्टिमची इन्स्टॉल सीडी, फाइलच्या रूपात) मिळालेली असते, सगळीकडे 'नेक्स्ट' दाबून झालेलं असतं आणि शेवटी समोर येतो काळा पडदा. यात कॉम्प्युटर बिघडलेला नसतो आणि त्या माणसाची अक्कलही कमी पडलेली नसते. ज्या ऑपरेटिंग सिस्टिमला बोलावलं, तिच्या ओळखीचं हार्डवेअर तिला मिळालेलं नसतं, एवढंच. विंडोज एक्सपीला आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क हवी असते. विंडोज ११ ला टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी) चिप हवी असते. आजचं लिनक्स दोन्हीकडे जुळवून घेतं, पण पुरेशी रॅम आणि ग्राफिक्स मेमरी मिळाली नाही तर तेही रुसतं.

व्हर्च्युअल मशीनमधलं हार्डवेअर सॉफ्टवेअरनेच रचलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक सिस्टिमला तिच्या काळातलं घर बांधून देणं आपल्या हातात असतं. नवख्या माणसाने शिकायची मुख्य गोष्ट हीच आहे, असं मी मानतो. कोणतं बटण कुठे आहे हे दर आवृत्तीत बदलत राहतं. कोणत्या पाहुण्याला काय लागतं, हे बदलत नाही.

दोन शब्द आधीच ठरवून घेऊ. तुमच्या खऱ्या कॉम्प्युटरवर चालणारी सिस्टिम म्हणजे यजमान, इंग्रजीत होस्ट. आत, खिडकीत चालणारी सिस्टिम म्हणजे पाहुणा, गेस्ट. या दोघांच्या मध्ये उभं राहून प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क वाटून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायझर.

आधी आपलं मशीन तपासा

प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनसाठी खास सोय असते. इंटेलच्या भाषेत तिचं नाव व्हीटी-एक्स, एएमडीच्या भाषेत एएमडी-व्ही. इंटेलने ती २००५ मध्ये आणली, एएमडीने २००६ मध्ये. म्हणजे तुमच्या प्रोसेसरमध्ये ती असणारच, असं धरून चालायला हरकत नाही. ती बंद करून ठेवलेली असण्याची शक्यता मात्र बरीच असते.

विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये 'सीपीयू'वर क्लिक करा. आलेखाच्या खाली 'व्हर्च्युअलायझेशन' या शब्दापुढे 'एनेबल्ड' लिहिलेलं दिसलं पाहिजे. 'डिसेबल्ड' दिसलं तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जा. बहुतेक मशीनवर सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट की दाबली की बायोस उघडतो. इंटेलच्या मशीनवर 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' आणि एएमडीच्या मशीनवर 'एसव्हीएम मोड' या नावाचा पर्याय शोधा. तो बहुधा 'ॲडव्हान्स्ड' किंवा 'सीपीयू कॉन्फिगरेशन'मध्ये असतो. काही मदरबोर्डवर तो ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडलेला असतो. चालू करा, सेव्ह करा, बाहेर पडा. ही सोय बंद असेल तर मशीन बनवताना दिसणाऱ्या पाहुण्यांच्या यादीत फक्त ३२-बिट नावं दिसतात, ६४-बिट दिसतच नाहीत. तसं दिसलं की समजायचं, आधी बायोस गाठायचा.

मग रॅम. पाहुणा चालू असेपर्यंत त्याला दिलेली रॅम यजमानाला वापरता येणार नाही, असा हिशेब ठेवा. ८ जीबी रॅमच्या मशीनवर एखादं हलकं लिनक्स बरं चालतं. विंडोज ११ पाहुणा म्हणून बोलवायचं तर १६ जीबी असलेली बरी. आणि पाहुण्याची डिस्क एसएसडीवरच ठेवा. फिरत्या हार्ड डिस्कवर दोन सिस्टिम एकाच वेळी वाचन-लेखन करू लागल्या की दोघीही रांगतात आणि तुम्हाला वाटतं, सेटिंग चुकलं.

तिसरी गोष्ट प्रोसेसरच्या जातीची. ॲपलच्या एम१ आणि त्यापुढच्या मॅकमध्ये एआरएम प्रोसेसर असतो. त्यावर एआरएमसाठी बनवलेले पाहुणेच वेगाने चालतात. इंटेल-एएमडीसाठीची आयएसओ फाइल तिथे फक्त एम्युलेशनने, म्हणजे प्रत्येक सूचनेचं भाषांतर करत करत चालते आणि ते फार संथ असतं. आयएसओ उतरवताना नावात 'एआरएम६४' आहे की 'एएमडी६४', हे बघून घ्या. 'एएमडी६४' हे नाव इंटेलच्या प्रोसेसरसाठीही तेच असतं, त्याने गोंधळू नका.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं

व्हर्च्युअलबॉक्स विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हीवर चालतं, त्याचा मुख्य भाग मुक्त स्रोत आहे आणि त्यावर अडचणींची उत्तरं भरपूर सापडतात. इनोटेक नावाच्या कंपनीने ते बनवलं, २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे गेलं आणि २०१० पासून ओरॅकलकडे आहे. सोबत मिळणाऱ्या 'एक्स्टेन्शन पॅक'चा परवाना वेगळा आहे: वैयक्तिक वापर आणि शिक्षणासाठी मोफत, कंपनीच्या कामासाठी नाही. नवख्या माणसाला तो पॅक लागत नाही, तेव्हा घेऊच नका.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो विंडोज आणि लिनक्ससाठी आहे, मॅकसाठी त्याचं भावंड फ्यूजन प्रो. वर्षानुवर्षं ही दोन्ही पैसे मोजून घ्यावी लागत. मे २०२४ मध्ये ती वैयक्तिक वापरासाठी मोफत झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून सगळ्यांसाठीच. विंडोज पाहुण्याचे ग्राफिक्स इथे मला व्हर्च्युअलबॉक्सपेक्षा सफाईदार वाटतात.

हायपर-व्ही विंडोजच्याच प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत असतं. होम आवृत्तीत नसतं. लिनक्स यजमान असेल तर केव्हीएम, जे २००७ पासून लिनक्स कर्नलचाच (सिस्टिमच्या गाभ्याचाच) भाग आहे. ते चालवण्यासाठी 'व्हर्ट-मॅनेजर' ही खिडक्यांची सोय, किंवा त्याहून साधं 'ग्नोम बॉक्सेस'. मॅकवर यूटीएम मोफत मिळतं आणि सुरुवातीला पुरतं.

मी नव्या माणसाला व्हर्च्युअलबॉक्सपासूनच सुरुवात करायला सांगतो. त्यात प्रत्येक सेटिंग डोळ्यांसमोर असतं आणि शिकण्यासाठी ते फार उपयोगी पडतं. इतर कुठेही गेलात तरी तीच नावं, तेच घटक पुन्हा भेटतात.

विंडोज यजमान असणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. हायपर-व्ही, डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) किंवा विंडोज सिक्युरिटीतलं 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तर मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हायपरव्हायझर आधीच प्रोसेसरची ती सोय धरून बसलेला असतो. मग व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतं. मशीनच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत छोटं हिरवं कासव दिसलं तर हेच झालेलं असतं. मशीन चालेल, पण संथपणे. डब्ल्यूएसएल रोज वापरत असाल तर ते बंद करू नका, हायपर-व्हीच वापरा. 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय आहे. निव्वळ वेगासाठी ती काढून टाकावी, असं मी म्हणणार नाही.

पहिला पाहुणा: उबुंटू

पहिली मशीन लिनक्सची करा. परवान्याची कटकट नसते, पुन्हा पुन्हा मोडून बांधता येते. इथे उबुंटू २४.०४ धरलं आहे. डेबियन, मिंट किंवा फेडोरासाठीही पायऱ्या जवळपास याच.

१. उबुंटूच्या अधिकृत संकेतस्थळावरून डेस्कटॉप आयएसओ उतरवा. फाइल काही जीबींची असते आणि अर्धवट उतरलेली फाइल विचित्र चुका दाखवते. म्हणून तिथेच दिलेला एसएचए-२५६ चेकसम (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) तुमच्या फाइलशी जुळवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, तास वाचवतं.

२. व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'न्यू' दाबा. मशीनला अर्थपूर्ण नाव द्या. 'उबुंटू-२४०४-सराव' हे नाव 'टेस्ट'पेक्षा कितीतरी बरं. सहा महिन्यांनी पाच 'टेस्ट' समोर आल्या की पटतं.

३. आयएसओ निवडा आणि लगेच 'अनअटेंडेड इन्स्टॉलेशन'चा पर्याय बंद करा. तो चालू राहिला तर व्हर्च्युअलबॉक्स तुम्हाला न विचारता सगळी स्थापना उरकतो. वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड तुम्ही बदलला नसेल तर ठरलेलाच राहतो आणि त्या वापरकर्त्याला उबुंटूमध्ये प्रशासकाचे अधिकार मिळत नाहीत. पुढे कोणतंही सॉफ्टवेअर घालायला गेलात की दार बंद. कितीतरी जण इथूनच परत फिरतात, म्हणून हे आवर्जून सांगतो.

४. रॅम ४ जीबी द्या, म्हणजे ४०९६ एमबी. पट्टीचा हिरवा भाग सुरक्षित असतो. लाल भागात शिरलात तर यजमानाचाच श्वास कोंडतो. प्रोसेसरचे दोन कोर द्या. सगळे कोर देऊन पाहुणा जास्त पळत नाही, उलट यजमान अडखळतो आणि त्याच्यामागे पाहुणाही.

५. डिस्क २५ जीबी हा उबुंटूचा किमान आकडा आहे. तुम्ही ४० द्या. 'प्री-ॲलोकेट' ची खूण करू नका. मग डिस्कची फाइल लहान सुरू होते आणि पाहुण्याने लिहिलं तेवढीच वाढते. ४० जीबीचं वचन दिलं म्हणून तुमच्या एसएसडीवर लगेच ४० जीबी जात नाहीत. पण आतल्या फाइल पुसल्या म्हणून ती फाइल आपोआप लहान होत नाही, हेही लक्षात असू द्या.

६. मशीन तयार झाली की सुरू करण्याआधी 'सेटिंग्ज'मध्ये 'डिस्प्ले' उघडा. व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा आणि ग्राफिक्स कंट्रोलर 'व्हीएमएसव्हीजीए' आहे ना, ते बघा. लिनक्ससाठी तोच योग्य.

७. आता 'स्टार्ट'. इन्स्टॉलर विचारतो, डिस्क पूर्ण पुसून उबुंटू बसवू का? इथे बोट थांबतं, आणि थांबणं स्वाभाविक आहे. पण पाहुण्याला तुमची खरी डिस्क दिसतच नाही. त्याला दिसते ती तुम्ही दिलेली ४० जीबीची कोरी फाइल. निर्धास्तपणे हो म्हणा. फक्त एकदा वर आकडा बघा: ४० जीबीच्या आसपास दिसतोय ना?

८. स्थापना संपल्यावर 'इन्स्टॉलेशन मीडियम काढा आणि एंटर दाबा' असा निरोप येतो. व्हर्च्युअलबॉक्स बहुधा आयएसओ स्वतःच काढतो. पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉलर सुरू झाला तर मशीन बंद करून 'स्टोरेज'मध्ये जा आणि व्हर्च्युअल सीडीतली आयएसओ काढून टाका.

माउस खिडकीत अडकला तर उजवी कंट्रोल की दाबा. तीच व्हर्च्युअलबॉक्सची 'होस्ट की'. व्हीएमवेअरमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र.

यानंतरचं काम बरेच जण टाळतात आणि मग 'व्हर्च्युअल मशीन म्हणजे संथ, बारीक खिडकी' असं मत करून घेतात. ते काम म्हणजे गेस्ट ॲडिशन्स. हे पाहुण्याच्या आत बसवायचे ड्रायव्हर आहेत. ते बसले की खिडकी ओढाल तसा पडदा मोठा होतो, यजमानात कॉपी केलेला मजकूर पाहुण्यात पेस्ट होतो, सामायिक फोल्डर चालतात. 'डिव्हाइसेस' मेन्यूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी घाला आणि आतून चालवा. लिनक्समध्ये त्याआधी कर्नलची हेडर फाइल आणि कंपायलरची पॅकेजेस बसवलेली असावी लागतात, कारण ड्रायव्हर तिथल्या तिथे तयार होतो. बसवल्यावर पाहुण्याला रीस्टार्ट करा. कॉपी-पेस्ट तरीही होत नसेल तर 'शेअर्ड क्लिपबोर्ड' 'बायडिरेक्शनल' केलंय का ते बघा. मुळात ते बंद असतं. सामायिक फोल्डर दिसतो पण उघडत नाही, ही तक्रार लिनक्समध्ये नेहमीची. त्यावर उपाय म्हणजे तुमच्या वापरकर्त्याला 'व्हीबॉक्सएसएफ' या गटात घालणं आणि लॉग आउट करून परत येणं.

व्हीएमवेअरमध्ये हेच काम 'व्हीएमवेअर टूल्स' करतात आणि लिनक्सवर त्यांची मुक्त आवृत्ती बहुतेक वितरणांत आधीच असते. केव्हीएमवर 'स्पाइस'चा एजंट. नाव कोणतंही असो, हे ड्रायव्हर बसवल्याशिवाय मशीन पूर्ण झाली असं समजू नका.

विंडोज ११

हा पाहुणा अटी घालून येतो. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, दोन कोर, यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत), सिक्युअर बूट (सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) आणि टीपीएम २.०. प्रत्यक्षात ४ जीबीमध्ये तो कण्हत चालतो. ८ जीबी देता आली तर द्या.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये ७.० ही २०२२ साली आलेली आवृत्ती किंवा त्यापुढची हवी, कारण खोटी टीपीएम चिप तेव्हापासून मिळू लागली. मशीन बनवताना प्रकार 'विंडोज ११ (६४-बिट)' निवडा. मग 'सिस्टिम'च्या पानावर यूईएफआय, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट तिन्ही चालू आहेत ना, ते स्वतः बघा. ही पाहणी मशीन सुरू करण्याआधीच करायची. बायोस पद्धतीने स्थापना करून नंतर यूईएफआय चालू केलं तर ती डिस्क बूट होत नाही, आणि उलटही तसंच.

व्हीएमवेअरमध्ये टीपीएम हवं तर मशीन एन्क्रिप्ट करावी लागते आणि तुम्हाला पासवर्ड विचारला जातो. तो लिहून ठेवा. मशीन दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेताना तो लागतो. हायपर-व्हीमध्ये 'जनरेशन २' निवडा. ही निवड नंतर बदलता येत नाही. (हायपर-व्हीवर लिनक्स बसवत असाल तर जनरेशन २ मध्ये सिक्युअर बूटचा साचा बदलून 'मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सर्टिफिकेट ऑथॉरिटी' करा, नाहीतर आयएसओ सुरूच होत नाही.)

मशीन सुरू झाली की पडद्यावर क्षणभर 'सीडीवरून बूट करण्यासाठी कोणतीही की दाबा' असं येतं. तेवढ्यात खिडकीत क्लिक करून की दाबली नाही तर मशीन पुढे निघून जाते, नेटवर्कवरून बूट करायचा प्रयत्न करते आणि एका अनोळखी काळ्या पानावर थांबते. काही बिघडलेलं नसतं. मशीन रीसेट करा, या वेळी बोट एंटरवर तयार ठेवा.

परवान्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजलाही परवाना लागतो. यजमानाचा परवाना तिथे आपोआप लागू होत नाही. शिकण्यापुरतं हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ एंटरप्राइजची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती देतं, ती घ्या. कुठूनतरी मिळालेली 'तयार' विंडोज मशीन उतरवू नका. आत कोणी काय पेरलं आहे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

लिनक्स यजमानावर केव्हीएममध्ये विंडोज बसवताना हमखास एक धक्का बसतो: इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. डिस्क व्हर्टआयओ (खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेल्या) प्रकारची ठेवली तर ती वेगवान असते, पण विंडोजकडे तिचा ड्रायव्हर नसतो. 'व्हर्टआयओ-विन' नावाची आयएसओ उतरवा, मशीनला दुसरी सीडी म्हणून जोडा आणि डिस्क निवडायच्या पानावर 'लोड ड्रायव्हर' दाबून तिथला 'व्हायोस्टोर' ड्रायव्हर निवडा. डिस्क लगेच यादीत येते. टीपीएमसाठी यजमानावर 'एसडब्ल्यूटीपीएम' पॅकेज लागतं.

जुने पाहुणे

माझा जीव खरा रमतो तो इथे. जुना प्रोग्राम, जुन्या फॉरमॅटमधली फाइल, ज्याचं सॉफ्टवेअर आता कुठेच चालत नाही असं एखादं उपकरण; यांच्यासाठी व्हर्च्युअल मशीनसारखा आधार नाही.

विंडोज एक्सपी २००१ ची. सीडीवरच्या मूळ इन्स्टॉलरला सॅटा डिस्कचा एएचसीआय कंट्रोलर (आयडीईनंतरची नवी जोडणी) ओळखता येत नाही. निळा पडदा येतो किंवा डिस्क सापडत नाही. म्हणून 'स्टोरेज'मध्ये कंट्रोलर आयडीई ठेवा. यूईएफआय बंद. रॅम ५१२ एमबी ते १ जीबी पुष्कळ होते, डिस्क १० जीबी. एकच कोर द्या. व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रकार 'विंडोज एक्सपी' निवडला की यातलं बरंचसं आपसूक होतं. प्रकाराच्या यादीकडे दुर्लक्ष करू नका, असं मी सांगतो ते यासाठीच. ती यादी म्हणजे निव्वळ नावाची पाटी नाही, पाहुण्याच्या काळातलं हार्डवेअर तिच्यातून ठरतं.

आणि एक्सपीला इंटरनेट देऊ नका. ८ एप्रिल २०१४ ला तिचे सुरक्षा अपडेट थांबले. 'नेटवर्क'मध्ये केबलची खूण काढा. फाइल आत न्यायच्या तर सामायिक फोल्डर वापरा, तोही शक्यतो 'रीड ओन्ली'. विंडोज ७ लाही हाच नियम. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तीही आता याच रांगेत येते.

विंडोज ९५ आणि ९८ त्याहून नाजूक. त्यांच्या काळात प्रोसेसर इतके वेगवान होतील याची कल्पना नव्हती. विंडोज ९५ तर वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच भागाकाराच्या चुकीने कोसळते. पहिल्याच महिन्यात त्यांच्या वाटेला जाऊ नका. डॉस हवं असेल तर फ्रीडॉस बसवा: मुक्त आहे, काही मिनिटांत बसतं, ६४ एमबी रॅममध्ये मजेत राहतं. डॉसवरचे जुने खेळच खेळायचे असतील तर व्हर्च्युअल मशीनऐवजी डॉसबॉक्स घ्या. ते त्याच कामासाठी बनलेलं आहे आणि आवाजासकट सगळं नीट चालतं.

फ्रीबीएसडी बघायची इच्छा झाली तर जरूर बघा. स्थापना मजकुराच्या पडद्यांवर होते आणि शेवटी तुमच्यासमोर फक्त लॉगिन येतं, डेस्कटॉप वेगळा चढवावा लागतो. ते अपयश नाही, ती तिची रीत आहे.

मॅकओएस: ॲपलचा परवाना ते फक्त ॲपलच्याच हार्डवेअरवर चालवायला परवानगी देतो, व्हर्च्युअल मशीनमध्येसुद्धा. एम मालिकेच्या मॅकवर यूटीएममधून मॅकओएस पाहुणा सहज बसतो, एका वेळी दोनपर्यंत. इतर कॉम्प्युटरवर बसवण्याच्या युक्त्या मी इथे देणार नाही.

नेटवर्क, अगदी थोडक्यात

मुळात 'नॅट' असतं आणि बहुतेकांना तेच पुरतं. पाहुणा इंटरनेटवर जाऊ शकतो, बाहेरून कोणी त्याच्यापर्यंत येऊ शकत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पाहुण्याला तेव्हा १०.०.२.१५ असा पत्ता मिळतो. तो दिसला की नॅट चालू आहे असं समजा. 'ब्रिज्ड' केलं तर पाहुणा तुमच्या राउटरकडून स्वतःचा पत्ता घेतो आणि घरातल्या इतर उपकरणांना स्वतंत्र कॉम्प्युटरसारखा दिसतो. आत वेब सर्व्हर चालवून फोनवरून बघायचा असेल तर हे उपयोगी; कार्यालयाच्या नेटवर्कवर मात्र विचारल्याशिवाय करू नका. 'होस्ट-ओन्ली'त फक्त यजमान आणि पाहुणा एकमेकांशी बोलतात. जुन्या, असुरक्षित पाहुण्यांशी नेटवर्कने बोलायचंच असेल तर हा पर्याय.

स्नॅपशॉट

स्थापना झाली, अपडेट झाले, गेस्ट ॲडिशन्स बसले की पाहुण्याला नीट बंद करा आणि एक स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाची नोंद, घ्या. नाव द्या 'स्वच्छ'. आता आत काहीही मोडा, एका क्लिकवर परत या क्षणाशी येता. मला व्हर्च्युअल मशीनबद्दल जी आपुलकी वाटते ती बरीचशी यामुळे. खऱ्या कॉम्प्युटरवर जे करायला हात धजत नाही, ते इथे करून बघता येतं: डिस्कचे भाग पाडणं, कर्नल बदलणं, सिस्टिम फाइल उडवून पुढे काय होतं ते बघणं.

पण स्नॅपशॉट आणि बॅकअप यांत फरक आहे आणि तो मला नुकसान सोसून कळला. डिस्कवर जागा करायची होती. मशीनच्या फोल्डरमध्ये 'स्नॅपशॉट्स' नावाचा फोल्डर होता, त्यातली एक मोठी, जुनी वाटणारी फाइल मी हाताने पुसली. ती जुनी नव्हती. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क फाइल गोठते आणि त्यानंतरचं सगळं लिखाण नव्या फाइलमध्ये जातं. मी पुसली ती तीच फाइल. दोन महिन्यांच्या नोंदी गेल्या आणि मशीनही उघडेना. तेव्हापासून स्नॅपशॉट पुसायचा तो हायपरव्हायझरच्या खिडकीतूनच, आणि एकावर एक दोन-तीनपेक्षा जास्त साठू द्यायचे नाहीत. जितकी साखळी लांब, तितकी मशीन संथ आणि तितकं नुकसान सोपं.

खरा बॅकअप म्हणजे मशीन बंद करून तिची 'ओव्हीए' फाइल (पूर्ण मशीन एकाच फाइलमध्ये) एक्स्पोर्ट करणं, किंवा पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवणं. मशीन चालू असताना फोल्डर कॉपी करू नका. अर्ध्या लिहिलेल्या डिस्कची प्रत हाती येते. मशीनची दुसरी प्रत त्याच नेटवर्कवर चालवायची असेल तर 'क्लोन' वापरा आणि नवे मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचे ओळख क्रमांक, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) तयार करायला सांगा, नाहीतर दोन्ही मशीन एकाच पत्त्यावर भांडतात.

अडलात तर

पडदा काळाच राहतो: लिनक्स पाहुणा असेल तर ग्राफिक्स कंट्रोलर आणि व्हिडिओ मेमरी बघा, थ्रीडी ॲक्सिलरेशन बंद करून बघा. त्यानेही जमलं नाही तर यूईएफआयची खूण बघा. स्थापना ज्या पद्धतीने झाली तीच आत्ता आहे का?

'बूट करण्याजोगं काही सापडलं नाही': आयएसओ जोडलेली नाही, अर्धवट उतरली आहे किंवा चुकीच्या प्रोसेसरची आहे. या तिन्ही गोष्टी याच क्रमाने तपासा.

लिनक्स यजमानावर व्हर्च्युअलबॉक्स म्हणतं की प्रोसेसरची सोय आधीच दुसऱ्या कोणाकडे आहे: कर्नल ६.१२ पासून केव्हीएमचं मॉड्यूल (कर्नलचा जोडभाग) लोड होतानाच ती सोय ताब्यात घेतं. व्हर्च्युअलबॉक्स चालवण्याआधी ते मॉड्यूल कर्नलमधून काढा, किंवा सरळ केव्हीएमकडे वळा. लिनक्स यजमानावर राहणाऱ्याला मी दुसरा मार्ग सुचवेन. सिक्युअर बूट चालू असलेल्या यजमानावर व्हर्च्युअलबॉक्सची स्वतःची कर्नल मॉड्यूल सही केल्याशिवाय लोड होत नाहीत, ती कटकटही मग उरत नाही.

सगळं चालतं पण अतिशय संथ: हिरवं कासव शोधा, मग रॅम आणि कोर मोजा, मग पाहुण्याची डिस्क कोणत्या ड्राइव्हवर आहे ते बघा. अँटिव्हायरस मशीनचा फोल्डर सतत चाळत असेल तर तेही कारण असतं.

रोज काम संपल्यावर खिडकीची फुली दाबली की तीन पर्याय येतात. 'सेव्ह स्टेट' मशीनला आहे तिथे झोपवतो, उद्या तिथूनच सुरू. 'शटडाउन सिग्नल' म्हणजे पाहुण्याला स्वतःहून बंद व्हायला सांगणं. 'पॉवर ऑफ' म्हणजे चालत्या कॉम्प्युटरची वायर उपटणं. मशीन पूर्ण गोठली असेल तरच तो निवडा. यजमानाचं हायपरव्हायझर सॉफ्टवेअर अपडेट करायच्या आधी सगळे पाहुणे पूर्ण बंद करा, झोपवलेले ठेवू नका, कारण जुन्या आवृत्तीत झोपलेली मशीन नव्या आवृत्तीत कधीकधी उठत नाही. अपडेटनंतर पाहुण्यांमधल्या गेस्ट ॲडिशन्सही त्याच आवृत्तीच्या करून घ्या.